विज्ञान-विशेष गूढकोडे: दहावीनंतर विज्ञान सुटलेल्याने कसे सोडवायचे?

जमाखर्च

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त आलेले गूढ शब्दकोडे घेऊन बसलो आहे, म्हणजे ज्याच्या सूत्रात उत्तराचा सरळ अर्थ (व्याख्या) आणि एक शब्दखेळ दडवलेला असतो ते. ९ × ९ ची जाळी, जोडाक्षराला एक घर. एरवीची गूढकोडी सुटतात, पण इथे प्रत्येक शोधसूत्रात एखादा धातू, एखादा वायू नाहीतर एखादे समीकरण दिसते आणि पेन्सिल थांबते. माझी शाखा वाणिज्य. अडलेली सूत्रे ही, कंसात उत्तराच्या घरांची संख्या:

२ आडवा: जास्त काना नको, धातू हवा (२)
५ आडवा: गवे उलटे फिरले, दिशेसह चाल (२)
६ उभा: दहा तोंडांपुढे अर्धा द, सगळे विरघळून एक (३)
८ आडवा: ऑक्सिजनला म्हणतात भिजलेला (२)
११ आडवा: वाईट उपसर्ग लागलेली वागणूक, त्याने पाण्यातली काठी मोडलेली दिसते (५)
११ उभा: अजून आहे म्हणजे घाई नको; यान तिथेच जाते (४)
१५ उभा: विसरणे, शेवटची मात्रा सोडून, अत्तर खोलीभर जाते ते असे (४)
१९ आडवा: नदीपात्राचे दोन्ही ध्रुव, गोणीवरचा पहिला आकडा (२)
२० उभा: सहा काना घेतात, ताऱ्यांचे समीकरण मांडतात (२)
२१ आडवा: जनकाच्या पोटी उकार, वारसा पुढे चालतो (३)

६ उभ्याला ‘मिश्रण’ आणि ११ आडव्याला ‘परावर्तन’ भरले आहे, पण ११ उभा ‘प’ने सुरू होणारा काही केल्या मिळत नाही. नुसती उत्तरे नकोत. विज्ञान न शिकलेल्याने सुरुवात कुठून करायची आणि कोणते शब्द माहीत करून घ्यायचे, ते सांगा. आवर्तसारणी पाठ करावी लागणार असेल तर तसेही सांगा.

पाटीपेन्सिल

आवर्तसारणी पाठ करायची गरज नाही. ११८ मूलद्रव्यांपैकी कोडेकाराच्या कामाची वीसच्या आसपास, आणि त्यातली बहुतेक तुमच्या स्वयंपाकघरात किंवा दागिन्यांच्या डब्यात आहेत.

आधी एक भेद ओळखा. विज्ञान-विशेष कोड्यात दोन जातींची सूत्रे असतात. पहिल्या जातीत सूत्र साधे असते आणि उत्तर विज्ञानातले. दुसऱ्या जातीत सूत्राला विज्ञानाचा पोशाख असतो आणि उत्तर अगदी घरगुती. नवखा माणूस दुसऱ्या जातीतच सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण ‘ऑक्सिजन’ दिसला की तो वायू शोधायला लागतो. ८ आडवा या जातीचा आहे. ऑक्सिजनचे चिन्ह ‘ओ’. सूत्रातला शब्द ‘ऑक्सिजनला’ आहे, म्हणून ओ + ला = ओला. व्याख्या ‘भिजलेला’. रसायनशास्त्र इथे एका अक्षरापुरते आहे.

म्हणून पहिल्या फेरीत विज्ञानाच्या शब्दाकडे पाहूच नका. सूत्राचे पहिले एकदोन शब्द आणि शेवटचे एकदोन शब्द वेगळे काढा. व्याख्या या दोहोंपैकी एका टोकाला असते, मधे नसते. उरलेल्या भागात खूण शोधा: उलटे, दडलेले, ढवळलेले, कमी केलेले, जोडलेले.

५ आडवा तसाच करू. ‘उलटे’ ही खूण आहे, तिच्या शेजारी ‘गवे’. घरांप्रमाणे उलटा वाचला की ‘वेग’. व्याख्या ‘दिशेसह चाल’. पाठ्यपुस्तकात चाल म्हणजे नुसता आकडा आणि वेग म्हणजे आकडा अधिक दिशा, त्यामुळे व्याख्या नेमकी बसते. पण हे माहीत नसते तरी उत्तर हातात आलेच असते. शब्दखेळाने उत्तर मिळवायचे आणि विज्ञानाने फक्त पडताळायचे, हा क्रम मोडू नका. उलट्या क्रमाने गेलात की व्याख्येवरून अंदाज करत राहता आणि चुकीचा शब्द जाळीत जातो.

६ उभ्यात नेमके तेच झाले आहे. ‘सगळे विरघळून एक’ यावरून ‘मिश्रण’ सुचले. तीन अक्षरे, शेवटी ण, त्यामुळे खालचा छेदही (आडव्या-उभ्या शब्दांचे सामाईक घर) जुळला. पण शब्दखेळ पाहा. दहा तोंडांचा रावण, त्याच्यापुढे अर्धा द: द् + रावण = द्रावण. मिश्रण म्हटले तर अर्धा द कुठे वापरला, याला उत्तर नाही. सूत्रातला एकही शब्द बिनकामाचा राहिला तर उत्तर चुकीचे समजा. व्याख्याही द्रावणाकडेच बोट दाखवते: मीठ पाण्यात विरघळले की वेगळे कण दिसत नाहीत, कुठलाही थेंब घेतला तरी सारखाच खारट. पोहे आणि शेंगदाणे हे मिश्रण आहे, द्रावण नाही. मीठ ते द्राव्य, पाणी ते द्रावक, खारे पाणी ते द्रावण, ही तिन्ही नावे एकदाच लक्षात ठेवा. कोडेकार तिन्ही वापरतात.

वेलांटी

वरचे सगळे बरोबर. त्यात एक भर: इंग्रजी गूढकोड्याच्या सवयीने मराठी कोडे सोडवणारे काना-मात्रेचे खेळ हमखास चुकवतात. इंग्रजीत अक्षर असते किंवा नसते. मराठीत अक्षर तेच ठेवून त्याचा काना काढता येतो, उकार देता येतो, अर्धे अक्षर पुढच्याला चिकटवता येते. विज्ञानाचे शब्द बहुतेक संस्कृत घडणीचे असल्यामुळे हा खेळ तिथे फार छान जमतो.

‘जास्त काना नको’ म्हणजे ‘जास्त’मधला काना काढा. उरले जस्त. व्याख्या ‘धातू’. ‘विकार’चा काना काढला की ‘विकर’, म्हणजे पचनासारख्या क्रिया जलद घडवणारे रसायन. ‘विसरणे’ची शेवटची मात्रा काढली की ‘विसरण’, म्हणजे तुमचा १५ उभा. अत्तराचे कण जिथे दाटी आहे तिथून विरळ जागी पसरत जातात, त्याला विसरण म्हणतात. त्याच्या शेजारचा शब्द परासरण. त्यात पाणी पातळ पडद्यातून पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. पाण्यात टाकलेले मनुके फुगतात ते यामुळे. सूत्रात पडदा, पटल किंवा साल असेल तर परासरण (५), नसेल तर विसरण (४). रक्ताच्या फेऱ्याला आणि उकळत्या पाण्याच्या खालीवर होण्याला अभिसरण (५). तिन्हींच्या शेवटी ‘सरण’, म्हणून छेदातून मिळालेली शेवटची तीन अक्षरे काहीच ठरवत नाहीत.

आता ११ आडवा. ‘परावर्तन’ आणि ‘अपवर्तन’ दोन्ही पाच घरांचे आणि दोन्हींची शेवटची तीन घरे ‘वर्तन’. आरशात तोंड दिसते ते परावर्तन. प्रकाश हवेतून पाण्यात जाताना वाकतो ते अपवर्तन, आणि काठी मोडलेली दिसते ती त्याने. शब्दखेळही तेच सांगतो: वाईट अर्थाचा उपसर्ग ‘अप’ (अपकीर्ती, अपशकुन), वागणूक म्हणजे ‘वर्तन’. पहिले घर ‘अ’ झाले की ११ उभा लगेच सुटतो: अवकाश. ‘अजून अवकाश आहे’ म्हणजे वेळ आहे, आणि यानही अवकाशातच जाते. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत, दुसरा शब्दखेळ नाही.

प्रकाशाच्या शब्दांत आणखी तीन माहीत असू द्या: लोलकातून सात रंग वेगळे होतात ते अपस्करण, धुळीने आणि हवेच्या रेणूंनी प्रकाश सगळीकडे उधळतो ते विकिरण, कडेला घासून जाताना वळतो ते विवर्तन. हिंदी वाचणाऱ्यांनी सांभाळावे: हिंदीत विकिरण म्हणजे किरणोत्सर्जन, मराठी विश्वकोशात त्याला प्रारण म्हणतात. दोन भाषांतला हा फरक माहीत नसला की बरोबर विचार करूनही चुकीचा शब्द लिहिला जातो.

सर्वांत त्रासदायक त्रिकूट म्हणजे बल, शक्ती, ऊर्जा. बोलण्यात तिन्ही म्हणजे ‘जोर’, आणि तिन्ही दोन घरांचे. व्याख्येत एकक आहे का ते पाहा. न्यूटन असेल तर बल, वॅट असेल तर शक्ती, ज्यूल असेल तर ऊर्जा. विजेचे बिल पाहणाऱ्याला हा फरक रोजच्या व्यवहारातला आहे: बल्बवर लिहिलेले वॅट ही शक्ती, आणि मीटरवर चढणारे युनिट म्हणजे किलोवॅट-तास ही ऊर्जा. याच पद्धतीने वजन आणि वस्तुमान वेगळे करा. वजन न्यूटनमध्ये, चंद्रावर साधारण एक षष्ठांश होते. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, कुठेही तेवढेच. इथे मात्र घरे वेगळी आहेत, तीन आणि चार, त्यामुळे गोंधळ लवकर फिटतो.

ऱ्हस्व-दीर्घाचेही सांगते. एकटा शब्द ‘अणू’, ‘रेणू’, ‘गुरू’ असा दीर्घ. समासात ‘अणुभट्टी’, ‘रेणुसूत्र’, ‘गुरुत्वाकर्षण’ असा ऱ्हस्व. छेदातले ‘णु’ आणि ‘णू’ एकमेकांत बसत नाहीत तेव्हा उत्तर चुकले असे समजण्याआधी हे तपासा.

बांधावरून

१९ आडवा शेतीघरातल्या कुणालाही सुटेल. खताच्या गोणीवर १०:२६:२६ असे तीन आकडे असतात. क्रम ठरलेला: नत्र, स्फुरद, पालाश. पहिला आकडा नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा. आता शब्दखेळ: ‘नदीपात्र’चे दोन ध्रुव म्हणजे दोन टोकांची अक्षरे, न आणि त्र. नत्र.

स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, हेही लिहून ठेवा. पाठ्यपुस्तकात आता नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम असेच शब्द येतात, पण कृषी खात्याच्या पत्रकांत आणि दुकानात जुने शब्द जिवंत आहेत आणि कोडेकारांना ते आवडतात, कारण ते आखूड आहेत. ‘पलाश’ म्हणजे पळस, त्याला एक काना वाढवला की ‘पालाश’. असे सूत्र येऊ शकते. गंधक, कर्ब, प्राणवायू, कथील, शिसे, पारा यांचेही तसेच. सूत्रात ‘सल्फर’ असेल तर उत्तर बहुधा गंधक, आणि सूत्रात ‘वासापुढे क’ असेल तर गंध + क, पुन्हा गंधकच.

पाटीपेन्सिल

‘ध्रुव’ची गोष्ट निघाली ते बरे झाले. विज्ञान-विशेष कोड्यात खुणाही विज्ञानाच्या वेशात येतात, आणि जमाखर्च यांची पेन्सिल खरी तिथे थांबते आहे. ठरलेले अर्थ असे:

‘ध्रुव’, ‘दोन्ही टोके’, ‘कवच’ म्हणजे पहिले आणि शेवटचे अक्षर. ‘केंद्रक’, ‘गाभा’ म्हणजे मधले. उदाहरणार्थ ‘सागराचे केंद्रक काढले, उरला अर्क (२)’: सागर वजा ग, सार. ‘अभिक्रिया’, ‘ढवळून’, ‘उकळी फुटून’, ‘विघटन’ या खुणा अक्षरांची अदलाबदल सांगतात. ‘रंगत ढवळली, पाण्यावर उठतो (३)’ म्हणजे तरंग. ‘आरशात’, ‘परावर्तित’, ‘ऋण दिशेने’ म्हणजे उलटे वाचा. ‘कक्षेत’, ‘पेशीत’, ‘परीक्षानळीत’ म्हणजे एक शब्द दुसऱ्याच्या पोटात. ‘सूक्ष्मदर्शकाखाली’ किंवा नुसते ‘-त’ म्हणजे शब्दात लपलेले: ‘व्यापारात दडलेला, चढला की माणूस चिडतो (२)’, व्या-पारा-त, पारा. ‘बाष्प होऊन उडाले’ म्हणजे काहीतरी वगळा.

या खुणांना वैज्ञानिक अर्थ लावायला गेलात की अडकलात. केंद्रकात प्रोटॉन किती, हे इथे कुणी विचारत नाही.

चिन्हांबद्दल: रोमन लिपीत एकाच अक्षराची चिन्हे असलेली मूलद्रव्ये १४ आहेत. त्यातली मराठीत एका घरात बसणारी बोरॉन (बी), कार्बन (सी), ऑक्सिजन (ओ), फॉस्फरस (पी), पोटॅशियम (के), युरेनियम (यू) आणि व्हॅनेडियम (व्ही). एवढी सात पाठ करा. आयोडीनचे ‘आय’ दोन घरांचे, पण ‘आय’ म्हणजे उत्पन्नही, त्यामुळे ते वारंवार येते. विद्युतधारेचे चिन्हही तेच. पोटॅशियम ‘के’ कसे, हा प्रश्न पडतो. त्याचे लॅटिन नाव कालियम, तिथून ते आले. ‘पोटॅशियमपुढे शेवटचे स्वतंत्र व्यंजन, बागेत घड देते (२)’ याचे उत्तर केळ. ळ हे ३४वे व्यंजन, त्यापुढे क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे. केळ्यात पोटॅशियम असतेही, म्हणून हे सूत्र फार नेटके वाटते.

शोधसूत्र

८ आडव्याला माझा आक्षेप आहे. ‘ऑक्सिजनला’ हा एक शब्द आहे. त्याचे दोन तुकडे करायची खूण सूत्रात कुठेही नाही. नवख्या माणसाने ‘ला’ हा प्रत्यय सुटा काढायचा, हे त्याला कळणार कसे? व्याख्येसाठी ‘भिजलेला’ आणि शब्दखेळासाठी प्रत्यय, असे सूत्र रचताना कोडेकाराने निदान ‘ऑक्सिजन ला-सह’ असे काहीतरी म्हणायला हवे होते.

वेलांटी

आक्षेप समजतो, पण मला सूत्र न्याय्य वाटते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतो. कोडेकाराने तो सुटा लिहिला तर वाक्य मराठी राहत नाही. म्हणून मराठी सूत्र वाचताना प्रत्ययांना (ला, ने, त, चा, हून) शब्दखेळाचे सुटे भाग समजण्याची सवय लावावी. मात्र प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होत असेल, म्हणजे ‘पारा’चे ‘पाऱ्याला’, तर मूळ रूप अपेक्षित धरणे अन्यायाचे आहे. तिथे तुमच्या बाजूने आहे. ‘ऑक्सिजन’चे रूप बदलत नाही, त्यामुळे इथे ती अडचण येत नाही.

पाटीपेन्सिल

संदर्भाचे राहिले. पडताळणीसाठी विश्वकोशाच्या नोंदीत आधी शिरू नका, त्या लांब आहेत. बालभारतीची सहावी ते दहावीची विज्ञानाची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात, तीच उतरवून ठेवा. दहावीचे दोन भाग आहेत. पहिल्यात गुरुत्वाकर्षण, आवर्ती वर्गीकरण, प्रकाशाचे अपवर्तन असे भौतिक-रसायन, दुसऱ्यात आनुवंशिकतेपासून पुढे जीवशास्त्र. सूत्र कोणत्या प्रांताचे आहे ते ठरवून त्या धड्यातले ठळक छापलेले शब्द घरांच्या संख्येनुसार चाळा. चार घरांचा, दुसरे अक्षर माहीत असलेला शब्द दहा मिनिटांत सापडतो. जुना किंवा कमी वापरातला शब्द असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. एकाच संकल्पनेला तिथे वेगळा आणि पुस्तकात वेगळा शब्द असू शकतो. तेव्हा छेदातली अक्षरे ज्याला जुळतील तो घ्या.

रोजच्या मराठीत वेगळा अर्थ असलेल्या विज्ञानशब्दांची एक यादी मात्र स्वतः करा, कारण ती कोणत्याही कोशात एकत्र मिळत नाही. सुरुवातीला हे घ्या: व्यास (महाभारतकार, आणि वर्तुळाच्या मध्यातून जाणारी रेषा), धातू (जस्त-तांबे, आणि क्रियापदाचे मूळ), घन (ढग, स्थायू, आणि संख्येचा तिसरा घात), कार्य (लग्नघरातले, आणि बल गुणिले विस्थापन), ग्रह (मनातला, आणि सूर्याभोवतीचा), जीवा (वर्तुळातली, आणि ‘जीवा’ला लावून घेतलेली), ज्या (सर्वनाम, आणि त्रिकोणमितीतली), मोल (किंमत, आणि ६.०२२ × १०²³ कण). लोलकाकडे जरा लक्ष द्या: बोलण्यात तो घंटेचा किंवा घड्याळाचा लोंबता भाग, पाठ्यपुस्तकात मात्र प्रकाशाचे रंग वेगळे करणारी काच. झुलणाऱ्याला तिथे दोलक किंवा लंबक म्हणतात.

जमाखर्च

अपवर्तन भरल्यावर वरचा डावा कोपरा पूर्ण झाला. द्रावण घातल्यावर ६ उभ्याचे पहिले घर बदलले आणि तिथला आडवा शब्दही सुटला. तो मी ‘मि’ने सुरू होणारा म्हणून शोधत होतो.

२१ आडवा वेलांटी यांच्या पद्धतीने केला: जनक, मधल्या न ला उकार, जनुक. वारसा पुढे नेणारे. ‘पोटी’ ही मधल्या अक्षराची खूण आहे हे आता कळले.

फक्त २० उभा राहिला. दोन घरांच्या शब्दात सहा काना बसणार कसे? दुसरे घर छेदातून ‘हा’ आले आहे.

वेलांटी

‘सहा’ हा इथे आकडा नाही, तो नुसता शब्द आहे, आणि तोच एक काना घेतो. ‘हा’ला काना आधीच आहे, म्हणून तो ‘स’ला लावा: साहा. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडलेल्या समीकरणावरून ताऱ्याच्या वातावरणातल्या अणूंपैकी किती आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेले) आहेत ते तापमान आणि दाबावरून काढता येते. ‘घेतात’, ‘मांडतात’ हे आदरार्थी अनेकवचन व्यक्तीसाठीच आहे. सूत्रात असे क्रियापद दिसले आणि वस्तू एकच वाटत असली की उत्तर माणसाचे नाव आहे का ते पाहावे. याच जाळीत कुठे ‘राम, नकार, १९३०चे नोबेल (३)’ असे काही असेल तर तेही आता सुटेल.

जमाखर्च

होते, ३ उभ्याला, थोड्या वेगळ्या शब्दांत. राम + न. जाळी पूर्ण.